अर्ध्या कोर्टाला नकार

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९७९ पर्यंत शाळकरी मुलींचं बास्केटबॉल हा मुलांच्या बास्केटबॉलपेक्षा वेगळाच खेळ होता. संघात पाचऐवजी सहा मुली. त्यातल्या तिघींनी कोर्टाच्या एका अर्ध्यात राहून फक्त बचाव करायचा, उरलेल्या तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बास्केट करायचे. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. बचावातल्या मुलीने जिवाच्या आकांताने चेंडू हिसकावला, तरी रेषेपर्यंत येऊन तो पलीकडच्या मैत्रिणीच्या हाती द्यायचा आणि पुढचं सगळं उभ्या उभ्या बघायचं. शाळेच्या संघातून वर्षानुवर्षं खेळलेल्या मुलीने सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू फेकलेला नसे. यामागे होती काळजी. पूर्ण कोर्टभर धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुलींच्या बास्केटबॉलबरोबरच जन्माला आली होती. ती टिकली, कारण हा सहा जणींचा खेळ गावोगावी लोकप्रिय होता आणि चाललेलं बिघडवावं असं कुणाला वाटत नव्हतं.

१९७६ मध्ये ओक रिज या गावातल्या एका विद्यार्थिनीने या नियमाविरुद्ध दावा लावला. ती बचावात खेळायची. शॉट मारायला कधी मिळालंच नाही, तर कॉलेजची शिष्यवृत्ती कशी मिळणार, असा तिचा साधा सवाल होता. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला, वरच्याने फेटाळला. नियम जागेवरच राहिला. त्याच सुमाराला नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठातल्या एका तरुण प्रशिक्षिकेने जाहीर करून टाकलं, की हा अर्धा खेळ चालू राहणार असेल तर आपण आपल्याच राज्यातल्या मुली घेणार नाही. सरकारी विद्यापीठाच्या, अजून पंचविशीच्या आसपास असलेल्या बाईने आपल्याच राज्याच्या शाळांना असा दम द्यावा, हे धाडसच होतं. त्यातून तिच्या हाती ना पैसा होता ना प्रेक्षक. पण १९७९-८० च्या हंगामापासून टेनेसीच्या मुली पूर्ण कोर्टवर, पाच जणींच्या संघात खेळू लागल्या. आयोवा आणि ओक्लाहोमा या राज्यांना त्यासाठी आणखी दीड दशक लागलं.

या प्रशिक्षिकेचं नाव पॅट हेड. १९८० मध्ये लग्न झाल्यावर ती पॅट समिट झाली आणि याच नावाने जगाला माहीत झाली. तिच्या कारकिर्दीचे आकडे डोळे दिपवणारे आहेत: ३८ हंगाम, १०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातला १९९७-९८ चा हंगाम तर ३९ पैकी ३९ सामने जिंकून संपला. मात्र आकड्यांचं आयुष्य मर्यादित असतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडर्व्हिअर यांनी समिट यांचा विजयांचा विक्रम मागे टाकला, पुढे कनेटिकटचे जीनो ऑरिएमा त्यांच्याही पुढे गेले. तरीही अमेरिकेत महिला बास्केटबॉलची गोष्ट निघाली की ती आजही समिट यांच्यापाशी येऊन थांबते. विक्रम गेल्यावरही जे उरलं, त्याचं मूळ त्या अर्ध्या कोर्टाच्या भांडणात सापडतं. मुलींना जपण्याच्या नावाखाली त्यांच्याकडून कमी अपेक्षा ठेवली जाते, आणि कमी अपेक्षा हा अपमानच असतो, हे समिट यांना फार लवकर कळलं होतं. पुढची चार दशकं त्यांनी जे काही केलं, ते या एका जाणिवेचा विस्तार म्हणून वाचता येतं.

ही जाणीव पुस्तकातून आली नव्हती. १४ जून १९५२ रोजी क्लार्क्सविल इथे जन्मलेली ही मुलगी शेतावर वाढली. तीन थोरले भाऊ, एक धाकटी बहीण. वडील रिचर्ड हेड दुभत्या जनावरांचा आणि तंबाखूच्या शेतीचा व्याप सांभाळणारे, कमी बोलणारे, करड्या शिस्तीचे गृहस्थ. तिथे मुलीची कामं आणि मुलाची कामं अशी वाटणी नव्हती. गवत गोळा करणं, तंबाखू तोडणं, ट्रॅक्टर चालवणं, सगळं तिच्याही वाट्याला आलं. संध्याकाळी कोठाराच्या माळ्यावर, गवताच्या गंजींमधल्या मोकळ्या जागेत भावांशी बास्केटबॉल. धाकटी म्हणून सवलत नाही. ती हायस्कूलच्या वयाची झाली तेव्हा तिथल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मग या अबोल बापाने बिऱ्हाड उचललं आणि शेजारच्या परगण्यातल्या हेन्रिएटा गावी नेलं, कारण तिथल्या शाळेत मुली खेळत. लाडाचा शब्द तोंडातून न काढणारा माणूस लेकीच्या खेळासाठी घर बदलतो, हा हिशेब तिने मनात नीट नोंदवून ठेवला असणार. पुढे तिच्या हाताखाली खेळलेल्या कितीतरी मुलींना तिच्याबद्दल नेमकं असंच काहीसं वाटत आलं.

१९७२ साली अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढंच सांगणारा ३७ शब्दांचा मजकूर. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नव्हता, पण त्याचा सर्वांत मोठा धक्का खेळाच्या मैदानांनाच बसला. तो पोचायला मात्र वेळ लागला. १९७४ मध्ये, म्हणजे कायदा होऊन दोन वर्षं उलटल्यावर, पॅट हेड टेनेसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि संघाची सहायक म्हणून रुजू झाली. आधीच्या प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि २२ व्या वर्षी अख्खा संघ तिच्या गळ्यात पडला. पगार महिना २५० डॉलर. काही खेळाडू तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. गणवेश डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले, ते धुणार प्रशिक्षिका. सामन्याला जायची व्हॅन चालवणार प्रशिक्षिका. दुसऱ्या गावी मुक्काम पडला तर प्रतिस्पर्ध्यांच्या जिममध्येच पथारी पसरायची. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध, आणि तो ८४-८३ असा एका गुणाने हरला. बघायला पन्नासएक माणसं होती.

सुरुवातीच्या दिवसांतली एक आठवण समिट स्वतः मोठ्या मिश्किलपणे सांगायच्या. त्यांनी मुलींना कोर्टच्या फेऱ्या मारायला लावल्या. थांबा म्हणायचं नावच नाही. चार जणी पळता पळता दारातून बाहेर पडल्या, पायऱ्या चढून वर गेल्या, आणि परत कधी दिसल्या नाहीत.

याच काळात त्या स्वतःही खेळत होत्या. १९७४ च्या सुरुवातीला गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता, आणि तेव्हाच्या वैद्यकात अशी दुखापत म्हणजे खेळाला रामरामच समजला जायचा. शिकणं, शिकवणं आणि गुडघा पुन्हा उभा करणं अशा तीन आघाड्या सांभाळत त्या १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकला पोचल्या. महिला बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमधला तो पहिलाच प्रवेश. अमेरिकेला रौप्य मिळालं, समिट संघाच्या सहकर्णधार होत्या. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेने सुवर्ण जिंकलं, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्याच होत्या.

त्यांच्या शिस्तीच्या कथा दंतकथांसारख्या पसरल्या आहेत. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. तास बुडवला तर पुढच्या सामन्यात बाकावर, मग तुम्ही संघातल्या सर्वोत्तम का असेना. स्वतः शाळेचा एकही दिवस न चुकवलेल्या बाईपुढे कसली सबब चालणार? मुलींनी रात्री उशिरापर्यंत पार्टी केल्याचं कळल्यावर कोर्टच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून सराव घेतल्याची गोष्ट सांगतात. डबे कशासाठी, ते पोटात ढवळायला लागल्यावर समजलं. आणि ती नजर. निळ्या डोळ्यांची, न लवणारी. आपण तिच्या माऱ्यात सापडल्याचं प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं. याच बाई खेळाडूंना सांगत, की मला ‘कोच’ म्हणू नका, पॅट म्हणा. घरी बोलावून स्वतः रांधून वाढत. धाक आणि सलगी एकाच माणसाकडून, एकाच दिवशी मिळत असल्यामुळे मुली गोंधळून जात. त्या गोंधळातूनच निष्ठा तयार व्हायची, असं त्यांच्या जुन्या खेळाडूंचं बोलणं ऐकताना वाटतं.

एक गोष्ट मात्र दंतकथा नाही. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. अमेरिकन कॉलेजच्या खेळविश्वात, जिथे जिंकणाऱ्या खेळाडूच्या गुणपत्रिकेकडे काणाडोळा करण्याची रीत जुनी आहे, तिथे आठ करंडकांपेक्षा ही कामगिरी अवघड म्हणायला हवी.

मिशेल मार्सिनिआकची कथा अमेरिकेत पुन्हा पुन्हा सांगितली जाते. सप्टेंबर १९९० मध्ये समिट तिला आपल्या संघात ओढण्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या घरी गेल्या. त्या पूर्ण दिवसांच्या गरोदर होत्या, आणि भेटीतच कळा सुरू झाल्या. तरी बोलणं आटोपून विमानात बसल्या. वाटेत व्हर्जिनियात उतरू या, असं सुचवल्यावर त्यांनी साफ नकार दिला. काही महिन्यांपूर्वीच व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला स्पर्धेबाहेर काढलं होतं, त्या राज्यात लेकराला जन्म देणं त्यांना मंजूर नव्हतं. मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच जन्मला. गंमत अशी, की एवढ्या आटापिट्यानंतर मार्सिनिआक गेली नोत्र दामला. मग वर्षभराने मन बदलून टेनेसीत आली, आणि आली ती समिट यांच्या तोंडाचा पट्टा रोज अंगावर घ्यायला. तिची जर्सी पकडून समिट तिच्यावर ओरडत आहेत, असं एक छायाचित्र गाजलं. १९९६ मध्ये टेनेसीने विजेतेपद मिळवलं तेव्हा अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली तीच. पुढे तिने एका भागीदार मैत्रिणीबरोबर खेळाच्या कपड्यांच्या कापडापासून पलंगपोस बनवणारी कंपनी काढली. प्रशिक्षकाचा प्रभाव म्हटलं की आपण प्रशिक्षक झालेले शिष्य मोजत बसतो, चादरी विकणारी शिष्या त्या मोजणीतून सुटते.

टमिका कॅचिंग्जचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं. लहानपणी इतर मुलं चिडवतात म्हणून तिने श्रवणयंत्र फेकून दिलं होतं आणि ओठांकडे बघून समजून घेत दिवस काढले होते. टेनेसीत आल्यावर समिट यांनी तिला पुन्हा यंत्र लावायला आणि वाचोपचार घ्यायला राजी केलं. कोर्टवर मुलींकडून कसलीही कसूर न चालवून घेणारी बाई इथे एका मुलीला सांगत होती, की उणीव लपवण्यात ताकद घालवू नकोस. कॅचिंग्ज पुढे चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, तिने इंडियाना फीव्हर संघाला २०१२ चं व्यावसायिक विजेतेपद मिळवून दिलं, आणि आपल्या श्रवणदोषाबद्दल मोकळेपणी बोलत राहिली.

या सगळ्याला दुसरी बाजू नाही असं समजणं भाबडेपणाचं होईल. कचऱ्याचे डबे ठेवून घेतलेला सराव आज कुठल्याही विद्यापीठात चौकशीचा विषय ठरेल, आणि ठरायलाच हवा. समिट यांच्या सर्वांत गुणी खेळाडूंपैकी एक, शमीक होल्ड्सक्लॉ, तीन सलग विजेतेपदांची मानकरी. ती नंतर नैराश्याशी झुंजली आणि आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत गेली. त्याचं खापर प्रशिक्षिकेवर फोडायला कसलाही आधार नाही. होल्ड्सक्लॉने स्वतः आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली आणि मानसिक आरोग्य हेच आपलं काम मानलं. पण १९९० च्या दशकातल्या ‘खंबीर हो’ या भाषेत अशा दुखण्याला जागा नव्हती, एवढं तरी कबूल करावं लागतं. गुडघा तुटला तर तो पुन्हा बांधता येतो, या अनुभवावर उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञानाला मनाचं तुटणं उमजायला जड जातं.

तरीही समिट यांचा कडकपणा आणि मैदानावर सर्रास दिसणारा मर्दानी आरडाओरडा यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही. पुरुष प्रशिक्षक मुलांवर ओरडतो तेव्हा तो फक्त परंपरा चालवत असतो. सत्तरच्या दशकात मुलींवर कुणी ओरडतच नव्हतं, कारण त्या हरल्या काय नि जिंकल्या काय, कुणाला फरक पडत नव्हता. समिट यांच्या रागात ‘तुझं हरणं महत्त्वाचं आहे’ असं एक विधान दडलेलं असे. टेनेसी विद्यापीठाने पुरुषांच्या संघाचं प्रशिक्षकपद त्यांना दोनदा देऊ केल्याचं सांगितलं जातं. त्यांनी ते घेतलं नाही. ती बढती का समजायची, हेच त्यांना पटत नव्हतं. पन्नास प्रेक्षकांपासून सुरू झालेला हा संघ पुढे चोवीस हजारांवर माणसं मावतील अशा थॉम्प्सन-बोलिंग अरेनात खेळू लागला, आणि देशात महिलांच्या सामन्यांना सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या संघांत वर्षानुवर्षं त्याची गणना झाली. २००५ मध्ये तिथल्या कोर्टला त्यांचं नाव देण्यात आलं.

२०११ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी आपल्याला अकाली अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं. निदान त्याआधी काही महिने मेयो क्लिनिकमध्ये झालं होतं. खेळी विसरणं, भेटी विसरणं आधीच सुरू झालं होतं. शेकडो सामन्यांचे तपशील डोक्यात ठेवणाऱ्या बाईच्या बाबतीत हे घडावं, यावर पानंच्या पानं भावुक मजकूर लिहिला गेला. त्यापेक्षा बघण्यासारखं आहे ते त्यांनी केलेलं काम. त्यांनी आजार लपवला नाही, राजीनामाही लगेच दिला नाही. २०११-१२ चा अख्खा हंगाम त्या बाकावर बसल्या. डावपेचांचा भार त्यांची जुनी खेळाडू आणि दीर्घकाळची सहायक हॉली वॉर्लिक हिने उचलला. संघ २७ सामने जिंकला आणि त्या वर्षी अपराजित राहिलेल्या बेलरकडून हरून बाहेर पडला. एप्रिल २०१२ मध्ये त्या पायउतार झाल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. अल्झायमरच्या संशोधनासाठी त्यांनी प्रतिष्ठान काढलं, तेव्हा लगोलग दहा हजार डॉलरची देणगी पाठवली ती त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी जीनो ऑरिएमा यांनी. या दोघांचं भांडण इतकं विकोपाला गेलं होतं, की २००७ नंतर समिट यांनी कनेटिकटशी नेहमीचे सामने खेळणंच बंद केलं होतं. २८ जून २०१६ रोजी, चौसष्टाव्या वर्षी, त्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस स्पार्क्सला विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्यांच्या जुन्या खेळाडूने, कँडेस पार्करने, तो विजय आपल्या पॅटला अर्पण केला.

प्रभाव कुठे टिकतो, याचं उत्तर मात्र अपेक्षेप्रमाणे येत नाही. तो नॉक्सव्हिलमध्ये टिकायला हवा होता. समिट यांच्यानंतर वॉर्लिक, तिच्यानंतर १९९६ ते ९८ च्या तिन्ही विजेत्या संघांत खेळलेली केली हार्पर, असं १२ वर्षं हे पद त्यांच्याच माणसांकडे राहिलं. त्या काळात टेनेसी एकदाही राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचलं नाही. जिथे प्रत्येक भिंतीवर समिट यांचे फोटो आहेत, तिथे त्यांच्यासारखं होण्याचं ओझंही सर्वांत जड असणार. दुसरीकडे कारा लॉसन बघा. समिट यांच्याकडे खेळलेली ही गार्ड बोस्टन सेल्टिक्स या पुरुषांच्या संघाची सहायक प्रशिक्षक झाली, तिने टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिघींच्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं, आणि २०२० पासून ड्यूक विद्यापीठाचा संघ घडवते आहे. अवघड गोष्टी सोप्या होण्याची वाट बघू नका, त्या पेलायला शिका, असं तिने आपल्या मुलींना समजावलेलं एक छोटं भाषण २०२२ मध्ये लाखो लोकांनी बघितलं. आवाज चढलेला नाही, डोळे वटारलेले नाहीत. पण मागणी तीच, हेन्रिएटाच्या शेतावरून निघालेली.

आणखी एक विसंगती समिट यांच्या वारशाला चिकटून आहे. टायटल नाइनच्या आधी अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. आज ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. त्या पदांना मान आणि भरघोस पगार मिळू लागले, तसे पुरुष त्यांच्याकडे वळले. महिना २५० डॉलर मिळत होते तेव्हा कपडे धुवायला आणि व्हॅन चालवायला कुणी पुरुष रांगेत उभा नव्हता. म्हणजे समिट यांनी हा धंदा इतका मोठा केला, की त्यात त्यांच्यासारख्या बाईला शिरकाव मिळणं आधीपेक्षा अवघड होऊन बसलं. आपल्या हाताखालच्या मुलींना प्रशिक्षणाकडे वळवण्याचा त्यांचा आग्रह या पार्श्वभूमीवर बघावा लागतो. त्यांच्या माजी खेळाडू आणि सहायकांपैकी डझनावारी जणी पुढे शाळा-कॉलेजांतून प्रशिक्षक झाल्या.

२०२४ मध्ये टेनेसीने अखेर परंपरा मोडली आणि समिट यांच्याशी किंवा विद्यापीठाशी पूर्वी काहीही संबंध नसलेल्या किम कॉल्डवेल यांना बोलावलं. सगळा वेळ दाब टाकत खेळायचं आणि दमलेल्या पाची जणी एकदम बदलायच्या, अशी त्यांची भन्नाट पद्धत. जानेवारी २०२५ मध्ये, ऐन हंगामात, त्या बाळंत झाल्या. एक सामना चुकवला, आणि आठवड्याभरात साउथ कॅरोलायनाविरुद्ध पुन्हा कोर्टच्या कडेला उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या विमानप्रवासाची आठवण निघणं साहजिकच होतं. पण यावेळी कौतुकाच्या जोडीला प्रश्नही आले. बाळंतपणानंतर सातव्या दिवशी कामावर येणं हे धैर्य मानायचं, की आईला पुरेशी रजाही न देणाऱ्या व्यवस्थेची सोय? पुढे हाच मापदंड प्रत्येक तरुण प्रशिक्षिकेला लावला जाईल का? समिट यांच्या पिढीला असे प्रश्न विचारायची मुभा नव्हती. बाईला झेपणार नाही, असं म्हणायला सगळे टपून बसलेले असताना ‘मला झेपतं’ एवढं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं. कॉल्डवेल यांना निदान दोन उत्तरं उपलब्ध आहेत. त्यांनी त्यातलं जुनं निवडलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या संघाने ऑरिएमांच्या कनेटिकटला ८०-७६ असं हरवलं, आणि नॉक्सव्हिलमध्ये हा वाद काही काळ तरी मागे पडला.